आईच्या पंचाहत्तरीचा आंब्याचा केक

आईला पंचाहत्तर पूर्ण झाली ती २५ मे २०२५ ला, रविवारी. हॉल नको, कॅटरर नको, घरची चौदा माणसं आणि जेवण घरचंच, असं तिनं एप्रिलमध्येच बजावून ठेवलं होतं. केकचं मी अंगावर घेतलं. विकतचा आणायचा नव्हता. आईला अंडं चालत नाही, वरच्या कवळीमुळे कडक काही चावत नाही, आणि बाजारच्या केकवरचं क्रीम टाळूला चिकटतं म्हणून ती ते नेहमी सुरीनं बाजूला सारते. विलेपार्ल्याला पूर्वेला आमचं जुनं घर आहे. तिथल्या ओट्यावर शेगडी, मिक्सर आणि पिण्याच्या पाण्याचं पिंप ठेवलं की पोळपाटापुरतीच जागा उरते, त्यामुळे ओव्हन कधी आलाच नाही. आणि असता तरी मेमध्ये त्या स्वयंपाकघरात तासभर ओव्हन लावायची माझी तयारी नव्हती.

म्हणून थरांचा केक करायचं ठरवलं. बिस्किटं, त्यावर फेटलेली साय, त्यावर फळाच्या फोडी, पुन्हा बिस्किटं, आणि मग रात्रभर फ्रीज. गॅस पेटवायचा नाही. अमेरिकेत याला आइसबॉक्स केक म्हणतात. विजेचे फ्रीज यायच्या आधी तिथल्या घरांतून बर्फाची लादी ठेवायचं लाकडी कपाट असायचं, तो आइसबॉक्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे केक तिथे घरोघरी व्हायला लागले. फिलिपिन्समध्ये याच पद्धतीनं आंब्याचा करतात आणि त्याला मँगो फ्लोट म्हणतात. तो देशही आंब्याचा, तेव्हा आपल्याकडे हापूसचा का होऊ नये, हा माझा साधा हिशोब.

आईला समजावून सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. बिस्किटं क्रीममधलं पाणी हळूहळू पिऊन घेतात आणि सकाळपर्यंत केकसारखी मऊ होतात, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट. फक्त सावकाश." त्या रात्रीपर्यंत मी जे काही वाचलं होतं, त्याचं सार या वाक्यात होतं.

भाजण्याशी आमच्या घराचं नातं तसं जुनं आहे. लहानपणी दिवाळीच्या आधी आई नानकटाईचं पीठ मळायची, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडून द्यायची आणि मी नि दादा ते बेकरीत भाजून आणायचो. ट्रे बदलू नये म्हणून कडेला नावाची चिठ्ठी लावलेली असायची. केक व्हायचा तो जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून. आणि पार्ल्यात भाजल्या बिस्किटांचा वास हवेतच असायचा. पार्ले कंपनीचा कारखाना इथे १९२९ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद झाला. लोकल पार्ल्यात शिरताना डोळे मिटून बसलेलं माणूसही त्या वासावर उठून दाराकडे सरकायचं. आई अजून कधीतरी संध्याकाळी गॅलरीत उभी राहून म्हणते, "आज वास नाही आला."

पहिला प्रयत्न मेच्या पहिल्या शनिवारी, दुपारी केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून टेट्रापॅकमधली नेहमीची फ्रेश क्रीम आणली, पातेल्यात ओतली आणि बीटर लावला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. वर थोडा फेस आला, खाली दूध ते दूधच. मी तशीच ती बिस्किटांवर ओतली. बिस्किटं तरंगायला लागली, आंब्याच्या फोडी एका बाजूला जमा झाल्या. सकाळी काढलं तर चवीला उत्तम, पण चमच्यानं वाटीत घ्यावं असं प्रकरण. केक म्हणून कापायला जावं तर सगळं वाहत होतं. मुलांनी आनंदानं खाल्लं. मी मात्र क्रीमच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसले.

त्यात स्निग्धांश २५ टक्के होता. फेटून उभं राहायला क्रीममध्ये निदान ३० टक्के, खरं तर ३५ टक्क्यांच्या आसपास लागतात. फेटताना हवेचे बुडबुडे आत जातात आणि स्निग्धाचे बारीक कण त्यांच्याभोवती एकमेकांना धरून भिंत बांधतात. कण कमी पडले की भिंत अपुरी राहते. आणि दुसरी गोष्ट, ते कण थंड आणि घट्ट असावे लागतात. मुंबईतल्या मेच्या दुपारी स्वयंपाकघरात बत्तीस-तेहेतीस डिग्री असतात. तिथे स्निग्ध मऊ पडतं आणि कितीही फेटलं तरी हवा धरत नाही. फ्रेश क्रीममध्ये दोष नव्हता. ती भाजीत, खिरीत घालायची वस्तू, तिच्याकडून मी भलतंच काम मागत होते.

मग व्हिपिंग क्रीम आणायला क्रॉफर्ड मार्केटला गेले. महात्मा फुले मंडईच्या आसपास केकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे साचे, रंग, पुठ्ठ्याचे तळ, सगळं एका फेरीत मिळतं. दुकानदारानं विचारलं, "डेअरी की नॉन-डेअरी?" आणि मी काही बोलायच्या आत त्यानंच सल्ला दिला, "ताई, नॉन-डेअरी घ्या, उन्हात पण उभी राहते." त्याचं म्हणणं खरं होतं. ती वनस्पती तेलाची असते, गोठवलेली मिळते, दुप्पट-तिप्पट फुलते आणि तासन्‌तास हलत नाही. पण आईच्या टाळूला चिकटणारी ती हीच. मी ३५ टक्के स्निग्धांशाची दुधाची क्रीम घेतली, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवली आणि सीएसएमटीहून हार्बरची गोरेगाव गाडी पकडली. पार्ल्यापर्यंत डबा मांडीवर होता. समोरच्या बाईंनी "मासे का?" म्हणून विचारलं. केकचं क्रीम म्हटल्यावर त्यांनी वडाळ्यापर्यंत सगळी कृती विचारून घेतली.

दुसरा प्रयत्न रात्री, बेडरूममध्ये एसी लावून केला. हे आमच्याकडे पुढे ठरूनच गेलं: क्रीम फेटायची ती एसीच्या खोलीत. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली होती. पातेलं बर्फाच्या परातीत ठेवून फेटायला सुरुवात केली. तीन मिनिटांत क्रीम जड झाली, पात्यांच्या मागे रेघा उमटायला लागल्या. ही ती वेळ. इथे वेग कमी करून दर काही सेकंदांनी थांबून पाहायला हवं होतं. नेमका तेव्हा दादाचा फोन आला, मी एका हातानं बोलत राहिले आणि दुसऱ्या हातातला बीटर चालू राहिला. पृष्ठभागाची चमक गेली, क्रीम रवाळ दिसायला लागली, पिवळसर झाली. मला वाटलं अजून थोडं फेटलं की नीट होईल. आई दारातून म्हणाली, "अगं थांब, लोणी सुटतंय."

तिला आवाजावरून कळलं होतं. रवीनं घुसळताना लोणी यायच्या आधी आवाज बदलतो, भरीव होतो, हे तिच्या कानात साठ वर्षांचं आहे. मी थांबले तोपर्यंत उशीर झाला होता. आणखी दोन वळणांत कडेला पांढरट पाणी सुटलं. क्रीम नुसती रवाळ झाली असती तर दोन-तीन चमचे थंड, न फेटलेली क्रीम हातानं हलकेच मिसळून ती परत आणता आली असती. हे मला नंतर कळलं आणि पुढे एकदा उपयोगी पडलं. पाणी सुटल्यावर मात्र मागे येता येत नाही. आईनं ते पातेलं माझ्या हातातून घेतलं, थंड पाण्यानं लोणी दोनदा धुतलं, तळहातावर झेलून त्याचा गोळा केला आणि वाटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी कढवून छान तूप झालं. पण केकचं सामान संपलं होतं आणि दोन आठवडे उरले होते.

त्या रात्री लोणी धुता धुता आईनं विचारलं, "याला घट्टपणाच हवाय ना? मग चक्का का नाही घालत?"

माझ्या डोक्यात केक म्हणजे परदेशी वस्तू, तिची कृती परदेशी, तिची दुरुस्तीही तिकडूनच यायची, असं काहीतरी बसलेलं होतं. जिलेटिन घालावं का, चायना ग्रास घालावं का, कॉर्नफ्लोअर शिजवून घालावं का, हे सगळं मी वाचून काढलं होतं. चक्का सुचला नव्हता. आणि आमच्या घरात गुढीपाडव्याला न चुकता आम्रखंड होतं. दह्यातलं पाणी फडक्यात टांगून आधीच काढून टाकलेलं असतं, त्यामुळे चक्का फ्रीजमध्ये पाणी सोडत नाही, सुरीखाली वाहत नाही. त्याची मंद आंबट चव आंब्याच्या गोडाला आवरून धरते. फेटलेल्या क्रीममध्ये तो मिसळला तर हवाही राहील आणि बळही येईल.

तिसरा प्रयत्न म्हणून पूर्ण केक केलाच नाही. चार वाट्या मांडल्या. दोन वाट्यांत मारी, दोनांत ग्लुकोज बिस्किटं. प्रत्येकाची एक वाटी थंड दुधात क्षणभर बुडवून लावलेल्या बिस्किटांची, एक कोरड्या बिस्किटांची. चारींत तेच क्रीम-चक्क्याचं मिश्रण. सकाळी आई आणि मी ओट्याशी उभ्या राहून चमच्यानं खात होतो. दुधात बुडवलेलं ग्लुकोज पार विरघळलं होतं, थर म्हणून काही उरलाच नव्हता. कोरडं ग्लुकोज मऊ झालं होतं, पण आंबा आणि पिठीसाखरेच्या जोडीला त्याची गोडी जास्त होत होती. बुडवलेली मारी चालली असती. कोरडी मारी मात्र अगदी हवी तशी झाली होती: मऊ, तरी चमच्याला बिस्किटाचा थर लागत होता, स्पंज केकला लागतो तसा. मारी पातळ, कमी गोड आणि घट्ट विणीची. म्हणून ती सावकाश पाणी घेते. हे बिस्किट १८७४ मध्ये लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं काढलं, रशियाची राजकन्या मारिया आणि व्हिक्टोरिया राणीचा मुलगा यांच्या लग्नानिमित्त. आमच्याकडे ते आजारपणातलं आणि चहासोबतचं बिस्किट. आईनं वाटी चाटून पुसून संपवली आणि म्हणाली, "हीच."

फळाचा प्रश्न नव्हता, पण भाचीनं अननसही घालू या म्हणून हट्ट धरला होता. तिला समजावून सांगावं लागलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. क्रीम पातळ पडते आणि काही तासांत कडवट लागायला लागते. किवी आणि पपईतही अशीच विकरं असतात. डब्यातला अननस चालतो, कारण तो गरम करून भरलेला असतो. मेमध्ये ताजा हापूस समोर असताना डब्यातलं फळ कोण घालणार? ती हिवाळ्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्यांचा करायचा या बोलीवर गप्प झाली.

आंबे देवगडचे, दरवर्षीच्या ओळखीच्या माणसाकडून दोन डझन घेतले. यंदा मेमध्येच अधूनमधून सरी पडत होत्या, आणि पाऊस लागला की आंब्याची चव उतरते, म्हणून आईची घाई चालली होती. आंबे कडक होते. पलंगाखाली पेंढ्यात आढी लावली, रोज सकाळी एकेक हातात घेऊन ती वास घ्यायची. केकसाठी आंबा पुरता पिकलेला हवा पण देठाशी अजून घट्ट. अति पिकला की फोड सुरीला चिकटते आणि थरात रस सोडते. शनिवारी दुपारी आठ निवडले. कापताना त्यांतल्या दोनांत साका निघाला. बाहेरून निष्कलंक, पिवळेधमक, आणि आत बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. साका कापल्याशिवाय कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही. केकसाठी आंबे घेताना दोन तरी जास्त धरावेत, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

आता प्रत्यक्ष केक. शनिवारी संध्याकाळी सहाला सुरुवात केली, म्हणजे रविवारी रात्री आठला कापेपर्यंत त्याला पुरता एक दिवस मिळणार होता. काचेचं आयताकृती भांडं घेतलं, साधारण अकरा इंच लांब, सात इंच रुंद आणि तीन इंच खोल. काचेचं अशासाठी की थर बाहेरून दिसावेत. प्रमाण असं होतं: व्हिपिंग क्रीम अर्धा लिटर, चक्का ३०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, मारी बिस्किटं चाळीस-पंचेचाळीस, हापूस सहा. शिवाय चिमूटभर मीठ, चमचाभर कोमट दुधात भिजवलेलं केशर आणि चार वेलदोड्यांची पूड. सहापैकी तीन आंब्यांच्या आडव्या पातळ फोडी केल्या, एकाचा रस काढला, दोन वरच्या सजावटीसाठी तसेच फ्रीजमध्ये ठेवले. फोडींवर साखर अजिबात घातली नाही, साखर लागली की आंबा पाणी सोडतो. फोडी स्वच्छ पंचावर पसरून ठेवल्या.

चक्का ताजा, आंबट न झालेला पाहून आणला होता. आईनं तो पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून काढला, आम्रखंडाला काढते तसाच. मी म्हटलं, बीटरनं होईल की एकजीव. तिनं ऐकलं नाही आणि ते बरंच झालं, कारण यंत्रातून उतरलेला चक्का इतका मऊ होता की क्रीममध्ये मिसळताना एकही गुठळी राहिली नाही. त्यात केशर, वेलची, मीठ आणि आंब्याचा रस घातला. रंग नारिंगी न होता सायीवर ऊन पडावं तसा आला.

क्रीम बेडरूममध्ये एसीत फेटली. फोन बाहेर ठेवला. आई शेजारी पलंगावर बसली होती, डोळे मिटून, ऐकत. सुरुवातीला मंद वेग, मोठाले बुडबुडे. मग मध्यम वेग, बुडबुडे बारीक होत जातात. रेघा उमटायला लागल्या तेव्हा मी बीटर थांबवून पातं वर उचललं. क्रीमचं टोक उभं राहिलं आणि शेंड्याला किंचित वाकलं. "बास," आई म्हणाली. मी आणखी फेटणार नव्हतेच, पण तिनं म्हटल्यावर निश्चिंत झाले. चक्का त्यात घालायचा म्हणजे हवा जपायची. आधी एक डाव क्रीम चक्क्यात मिसळून तो सैल केला, मग तो चक्का क्रीमवर ओतून कालथ्यानं खालून वर, खालून वर, भांडं फिरवत. फार तर वीस वेळा.

भांड्याच्या तळाला आधी दोन चमचे मिश्रण पसरलं, म्हणजे बिस्किटं सरकत नाहीत. त्यावर मारीचा पहिला थर. गोल बिस्किटांच्या मधल्या जागा तुकडे करून भरल्या. कडेला बिस्किट काचेला टेकवून लावलं, म्हणजे बाहेरून रेघ सरळ दिसते. मग मिश्रणाचा पाव भाग, त्यावर फोडी एकमेकींवर किंचित चढवून. भाचीनं फोडी लावल्या, तिची बोटं बारीक, तिला ते काम सुरेख जमतं. बिस्किटांचे तीन थर झाले, वर उरलेलं मिश्रण पसरून सपाट केलं. झाकण घट्ट लावलं. क्रीम फ्रीजमधले सगळे वास ओढून घेते, आणि आमच्या फ्रीजमध्ये त्या दिवशी लसणाची चटणी होती, वाटण होतं, दुसऱ्या दिवशीच्या मटकीला मोड येत होते.

खरी अडचण फ्रीजमध्ये जागेची निघाली. चौदा माणसांच्या जेवणाची तयारी, पाण्याच्या बाटल्या, दूध, त्यात हे भांडं आडवं, सपाट आणि मागच्या थंड बाजूला बसायला हवं. फ्रीझरमध्ये टाकायचं नव्हतं. तिथे आंब्यातलं पाणी गोठतं आणि बाहेर काढल्यावर फोड लिबलिबीत होते. आणि आमच्या फ्रीजचं दार सणासुदीला दर पाच मिनिटांनी उघडतं. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या फ्रीजचा मधला कप्पा मोकळा करून दिला. त्या एकट्या राहतात, त्यांचा फ्रीज रात्रीतून एकदाही उघडत नाही. केक तिथे गेला.

रात्री झोपताना आई तिच्या गिरगावातल्या लहानपणाचं सांगत होती. मेच्या सुट्टीत आइस्क्रीमचं पॉट भाड्यानं आणायचे. बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून यायची, ती फोडून पॉटच्या भोवती भरायची, वर खडेमीठ घालायचं आणि सगळ्या मुलांनी आळीपाळीनं दांडा फिरवायचा. दांडा जड झाला की समजायचं आइस्क्रीम धरलं. मी तिला सांगितलं की त्याच्या शंभर वर्षांहून आधी, १८३० च्या दशकात, अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजांनी मुंबईत बर्फ यायचा, तोही भुशातच, आणि तो ठेवायला फोर्टमध्ये बर्फघर बांधलेलं होतं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढ्या लांबून, आणि वितळला नाही?" वितळायचा, बराच, तरी उरलेला विकून परवडायचा. हे ऐकता ऐकता तिला झोप लागली.

रविवारी आभाळ भरलेलं होतं, हवा अंगाला चिकटत होती. संध्याकाळी वहिनीनं पंचाहत्तर वातींचं ताम्हन तयार केलं, आईला पाटावर बसवून सगळ्यांनी ओवाळलं. तिचा चेहरा त्या उजेडात फार सुंदर दिसला, मी फोटो काढायचं विसरून बघत राहिले. जेवणं झाल्यावर काकूंकडून केक आणला. लाकडी टूथपिक मधोमध खुपसून पाहिलं, ती तिन्ही बिस्किटांतून कुठेही न अडता खाली गेली. अडखळली असती तर आणखी दोन तास थांबावं लागलं असतं. राखून ठेवलेले दोन आंबे तेव्हाच कापून वर मांडले, आदल्या दिवशी मांडले असते तर त्यांची कड सुकून काळवंडली असती. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, आईच्या हातात दिली.

पहिला काप निघाला आणि ताटलीत सरळ उभा राहिला. पिवळसर, तपकिरी, केशरी, पुन्हा पिवळसर. बिस्किटांच्या कडा क्रीममध्ये मुरून पुसट झाल्या होत्या. आंब्याची फोड कापली गेली तिथे ओली चमकत होती. रस गळत नव्हता. खोलीत एकदम शांतता झाली, मग दादा म्हणाला, "हे पार्ल्यात केलंय?" आईनं एक घास घेतला, जिभेनं टाळूला दाबला, थांबली. मी तिच्याकडे बघत होते. "चिकटत नाही," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला. चौदा माणसांना पंधरा तुकडे काढले, पंधरावा लगेच झाकून परत फ्रीजमध्ये ठेवला. अशा हवेत क्रीम आणि कापलेलं फळ बाहेर ठेवायचं नाही, याबाबत मी कोणाची भीड ठेवत नाही.

सोमवारी पहाटेच पावसाच्या आवाजानं जाग आली. दुपारपर्यंत हवामान खात्यानं मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. एरवी ११ जून ही तारीख धरतात, म्हणजे सोळा दिवस आधी, आणि नोंदींतला सगळ्यात लवकरचा. खाली गल्लीत पाणी भरत होतं, कोणाला कामावर जाता येत नव्हतं. आईनं आढीतले उरलेले आंबे बाहेर काढून पुसले, आता थांबायचं नाही, आजच सगळ्यांचा रस काढायचा, म्हणाली.

पंधरावा तुकडा तिनं स्वतः खाल्ला नाही. काकूंचा एक डबा आठवड्याभरापासून आमच्याकडे होता, तो रिकामा परत द्यायचा नव्हता. तिनं त्यात तुकडा अलगद ठेवला, वर झाकण लावलं आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, आत्ता लगेच खा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. आणि विचार, सीताफळाचा केला तर चालेल का त्यांना."